घरच्या फ्रिजला ठोकलेलं सील

आता ही फजिती सांगायला मला अजून लाज वाटते. पण चहा तुम्ही पाजताय म्हणून सांगते.

दुकानातल्या फ्रिज-एसीवर वीजबचतीचं, ताऱ्यांचं लेबल असतं ना? ते लावलंय की नाही, हे तपासायची माझी नोकरी. एकटीनं जायची पहिलीच वेळ. लालबागमधलं परबकाकांचं दुकान. साहेबांनी बजावलेलं, "एकही वस्तू सुटता कामा नये!" चूक झाली तर? दुकानदार अंगावर आला तर? म्हटलं, आपणच आधी आवाज चढवायचा.

सगळ्या मालावर लेबलं व्यवस्थित. आणि कोपऱ्यात एक फ्रिज... लेबल नाही!

"हे काय?"

"मॅडम, तो फ्रिज ना—"

"लेबल कुठाय?"

"अहो, पण तो आमचा—"

"मध्ये बोलू नका!"

मी फ्रिजच्या दारावर सहीशिक्क्याची पट्टी चिकटवली. काय छाती फुगली म्हणून सांगू!

इतक्यात पोटमाळ्यावरून काकांची म्हातारी आई उतरली. पट्टी बघून माझ्यावर मालवणीत किंचाळलीच, "अगो चेडवा, माझा इंजेक्शन आत आसा!"

"विकायच्या फ्रिजमध्ये इंजेक्शन?"

"विकायचा कोण म्हणालं?" काका म्हणाले. "आमच्या लग्नातला फ्रिज आहे तो, वर जागा नाही म्हणून इथे. आईचं इन्शुलिन आत, जेवणाआधी घ्यायचं. रात्रीचे बांगडेपण आत."

"मग आधी सांगायचं नाही?"

"बोलू दिलंत कुठे?"

आली का पंचाईत! सील काढायचा अधिकार साहेबांचा. साहेब तिकडे दादरला दुसऱ्या दुकानात. फोन लावला, उचलेनात. परत लावला, उचलेनात. वर काकींनी ताट वाढलेलं. आजी स्टुलावर बसून माझ्याकडे टक लावून बघतायत. मला दरदरून घाम! नोकरी जाईल? गेली तर गेली हो, पण म्हातारीला काही झालं तर कुठल्या तोंडानं घरी जाऊ?

शेवटी डोळे मिटले आणि टर्रकन पट्टी फाडली. इंजेक्शन काकांच्या हातात देतेय, तोच मागून आवाज.

"सील कोणी तोडलं?"

साहेब! मिस्ड कॉल बघून थेट टॅक्सी करून आलेले.

"मी, साहेब."

"आणि लावलं कोणी?"

"तेपण मीच."

साहेबांनी फ्रिज उघडला. बांगडे बघितले. मग माझ्याकडे बघितलं.

"मग आता कारवाई कोणावर करू?"

आजी तेवढ्यात वर बघून काकींना म्हणाल्या, "ह्या चेडवाक आधी पाणी तरी देवा गो." साहेबांना हसू आलं आणि मी वाचले.

वाचले म्हणजे काय, परवा पुन्हा तिथे तपासणी होती. फ्रिजवर आता काकांनी स्वतः बनवलेलं लेबल आहे, ताऱ्यांसकट: 'घरचा फ्रिज. विकायचा नाही. मॅडम, आधी विचारा!'

आणि अगदी नियमाप्रमाणे लावलंय हो! दर्शनी बाजूला, ठळक अक्षरांत, रस्त्यावरून वाचता येईल असं. सगळं लालबाग वाचतं. मी हरकत तरी कशावर घेऊ?