दोन्ही कर्ण सारखे

त्या सुताराला सगळे दोरीदादा म्हणत. चौकट जुळवली की तो आधी खिशातून दोरी काढायचा: या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकट भिंतीत जायची. "समोरासमोरच्या बाजू सारख्या म्हणजे आयत झाला होय?" तो गिऱ्हाइकाला झापायचा. "कललेल्या चौकोनाच्याही असतात. बाजू खुशाल फसवतात, कर्ण नाही." ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते, पण त्याची दारं कधी अडकली नाहीत.

अडकलं ते त्याच्याच घरातलं, आईच्या खोलीचं. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. "दुपारी कुणीतरी भिंत ढकलतं रे," ती म्हणाली.

"वारा असेल, आई."

आणि या शहाण्याने दोरी काही लावली नाही. स्वतःच्या चौकटीवर शंका घ्यायची म्हणजे काय! त्याने रंधा मारून दार बसवलं. चार दिवसांनी पुन्हा अडकलं, पुन्हा मारला. महिनाभर हेच चाललं.

मग एकदा दार उतरवून बाकावर टाकलं आणि सवयीने हात दोरीकडे गेला. एक कर्ण चार बोटं लांब. आयताचा समांतरभुज चौकोन झाला होता, तोही त्याच्याच हातून. भिंत कलत होती आणि हा दाराला तिच्या मापाचं करत बसला होता. आईला पाठीवर घेऊन तो बाहेर पडला. संध्याकाळी भिंत कोसळली ती नेमकी तिच्या खाटेवर.

इथेच संपलं असतं तर बरं होतं. भाड्याच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी त्याने चौकट मोजली, तेव्हा कर्ण सारखे होते. आठव्या दिवशी दार अडकलं. दोरी टाकली तर एका बोटाचा फरक. भिंतीला मात्र साधा तडाही नाही.

आई पडल्या पडल्या बघत होती. "माझ्यामागेच आलंय ना ते? मला इथेच ठेव, तू जा बाबा."

त्याने दोरी गुंडाळली. "दोन्ही कर्ण सारखे आहेत, आई," तो म्हणाला. मापाच्या बाबतीत तो जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला.

त्याने दार काढून टाकलं. आता तो दुपारचं काम घेत नाही. चौकटीत बसतो, पाठ एका बाजूला टेकवून, पाय दुसरीला लावून. दोन वाजले की समोरचं लाकूड हळूहळू त्याच्या तळव्यांवर रेलू लागतं, आणि तो आईशी गप्पा मारत ते मागे ढकलत राहतो.