आक्काचं लॉक

शर्यतीत कुणी पडलं की कमलाक्का धावत यायची, पण माणसाकडे नव्हे, आधी गाडीकडे. हँडल एका बाजूला वळवायची, खटकन लॉक करायची, किल्ली काढून पदराच्या गाठीत बांधायची आणि मगच पडलेल्यापाशी वाकून विचारायची, "नाव काय तुझं? आज वार कंचा?"

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला तिचा रागच आला होता. मी आठवडाभर छापखान्यात प्रुफं तपासायचो आणि रविवारी मोटरसायकलींच्या शर्यतीचं धावतं वर्णन करायचो. त्यामुळे जगातल्या यच्चयावत लोकांच्या चुका काढायचा परवाना आपल्याकडे आहे अशी माझी समजूत होती. मी माइकवरूनच म्हणालो, "आक्का, आधी माणूस बघा, गाडी मग!" तिनं तिथूनच उत्तर दिलं, "माणूस कुठं पळतोय? गाडी घावली की पळतोय! तू आपलं भोंगं वाजीव." सगळा माळ हसला. तिचं खरं होतं; डोक्याला मार बसलेला गडी उठल्याउठल्या किक मारतो आणि पुढच्या वळणावर कोसळतो, हे मीही पाहिलं होतं.

कमलाक्का सरकारी दवाखान्यात आया होती. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमच्या कोल्हापुरात शर्यतीचं वेड शिगेला पोचलं होतं. सोमवारी ज्या गाडीला दुधाचे कॅन लटकायचे, तीच गाडी रविवारी आरसे, दिवे, मडगार्ड काढून कळंब्याच्या पलीकडच्या माळावर यायची. लेथवर काम करणारे, गॅरेजवाले, म्हशीवाले, सगळे हौशी. आक्का पहिल्यांदा आली ती कुणी बोलावली म्हणून नव्हे. कोल्हापुरी बायकांच्या रीतीनं ती स्वतःला 'मी आलो, मी गेलो' म्हणायची. "दर रविवारी तुमच्यातला एक तरी आमच्या वॉर्डात येतोय," ती म्हणाली, "म्हटलं, पडताय तरी कसं, बघून येऊ. म्हणून आलो." ती आली आणि मग येतच राहिली. पांढरं लुगडं, खांद्याला पिशवी, पिशवीत कापूस, पट्ट्या आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी.

किल्ली परत मिळवायची तर तिची परीक्षा द्यावी लागे. नाव सांगायचं, वार सांगायचा, जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या फक्कीच्या रेषेवरून सरळ चालायचं आणि तिच्यासमोर बसून भाकरी खायची. भाकरी पोटात टिकली तर किल्ली मिळे. एखादा गडी हुज्जत घालू लागला की म्हणायची, "लोखंड वेल्डिंगनं जुळतंय. टाळकं जुळत न्हाय."

तसं हँडलचं लॉक म्हणजे काही तिजोरी नव्हे. तगड्या माणसानं जोर लावून हिसका दिला की तुटतं. पण आक्काचं लॉक तोडायचं नाही, हा आमच्या माळावरचा कायदा होता. तो कुणी केला ते मला माहीत नाही. एकदा एका बड्या घरातला मुलगा पडला. आक्कानं किल्ली काढली तसा तो चिडून हँडलवर लाथ मारायला गेला. सुरुवातीच्या रेषेवर उभ्या असलेल्या सगळ्या स्वारांनी एकेक करून इंजिनं बंद केली. माळ एकदम शांत झाला. मुलगा मुकाट्यानं जीपमध्ये जाऊन बसला आणि त्याची गाडी टेम्पोत चढवली गेली. ज्याला किल्ली परत मिळायची नाही, त्याची गाडी टेम्पोतूनच घरी जायची.

धनाजीची गाडी तर अशी अनेकदा गेली. उचगावच्या आबांचा हा एकुलता एक मुलगा. आबांच्या म्हशी होत्या, पण शेणाला हात लावायला धनाजी तयार नसे. तो नदीकडच्या गल्लीतल्या एका गॅरेजात काम करायचा आणि माळावर त्याच्याइतक्या वेगानं वळणं घेणारा दुसरा नव्हता. आबांचा एक शब्द तो ऐकायचा नाही. आक्कासमोर मात्र मान खाली घालून भाकरी खायचा. ती त्याला म्हणायची, "तुझी किल्ली तुझ्या खिशापेक्षा माझ्याच पदराला जास्त असती रे, वांडा." आणि आपल्या वाटणीचा खर्डा त्याच्या भाकरीवर ठेवायची.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात चिखलातली शर्यत झाली. धनाजी उतारावर घसरला आणि डोक्यावर आपटला. नाव त्यानं बरोबर सांगितलं, पण रविवारचा गुरुवार केला आणि स्वतःच हसला. आक्का हसली नाही. तिनं लॉक करून किल्ली गाठीत बांधली. "पुढच्या ऐतवारी दवाखान्यात येऊन न्हे. तवर झोप काढ." पोरांनी गाडी टेम्पोत घालून त्याच्या गॅरेजात नेऊन ठेवली. त्यानंतर पाऊस जो लागला तो थांबलाच नाही. पंचगंगा पात्राबाहेर आली आणि भर दुपारी नदीकडच्या गल्लीत पाणी शिरलं.

पुढचं मला गॅरेजातल्या इकबालनं सांगितलं. पोरं एकेक गाडी बाहेर काढून चढावर नेत होती. आजारी रजेवरचा धनाजीही मदतीला आला होता. त्यानं सगळ्यांच्या गाड्या ढकलल्या. शेवटी त्याची एकटीच राहिली, हँडल एका बाजूला वळलेलं. ढकलली तर ती जागच्या जागी गोल फिरायची. पाणी कमरेला आलं होतं. इकबाल ओरडला, "लॉक तोड की लेका!" धनाजी म्हणाला, "आक्काचं लॉक हाय. तोडायचं नसतंय." गाडी चेनपुलीनं वर तुळईला टांगून येतो म्हणून तो एकटा आत गेला. मागची भिंत जुनी, मातीत बांधलेली होती. पाण्यानं ती फुगली होती आणि बसली ती त्याच्यावरच.

शर्यतीच्या पोरांनी ट्रकच्या ट्यूबवर घालून त्याला बाहेर आणलं आणि आणलं ते आक्काच्याच दवाखान्यात. रस्ते बंद झाल्यामुळे ती घरी न जाता तिथेच ड्यूटी करत होती. इकबालला रडू आवरेना. तो पुन्हापुन्हा तेवढंच म्हणत होता, "आक्काचं लॉक हाय म्हनला, आक्का. तोडायचं नसतंय म्हनला." आक्का तिथेच फरशीवर बसली. तिचा हात पदराच्या गाठीवर होता.

पाणी ओसरल्यावर गाळातून गाडी निघाली. हँडल तसंच वळलेलं होतं. आबांनी ती अंगणात आणून ठेवली होती. आक्का उचगावला आली तेव्हा मी तिथेच होतो. ती थेट गाडीकडे गेली. किल्ली घालून पाहिली, पण लॉकमध्ये गाळ घट्ट बसला होता. मग ती गाडीपाशी मांडी घालून बसली आणि रॉकेलचा बोळा अन् केसातला आकडा घेऊन लॉक साफ करू लागली. अंगणातली माणसं बघत उभी राहिली. कुणालाही तिच्या हातातून ते काम घ्यायचं धाडस झालं नाही. शेवटी किल्ली फिरली. आक्कानं हँडल सरळ केलं, किल्ली आबांच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "आबा, पोरगं मी मारलं तुमचं." आबांनी मूठ मिटली आणि ते गोठ्यात निघून गेले.

माळावर यायचं तिनं सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात शर्यती सुरू झाल्या, पण गाड्या थोड्याच होत्या. पुरात बुडालेली बरीच इंजिनं पुन्हा धड झालीच नाहीत. माझ्याही वर्णनात जीव नव्हता. त्यातच एक जण पडला, उठला, बरा आहे म्हणाला आणि त्याच गाडीवरून घरी जाताना रस्त्यात बेशुद्ध पडला. नशीब म्हणून वाचला. ते कानावर आलं तसे आबा माझ्याकडे आले. "चल माझ्यासंगं," म्हणाले. "मला बोलाय येत न्हाय. तू बोलणारा हाईस."

पण आक्काच्या घरी माझी गरजच पडली नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली आम्ही तिघं. बोलायला तीच लागली. "आबा, माझ्या नेमानं तुमचा पोरगा गेला."

"व्हय, गेला," आबा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? झोपायच्या वक्ताला तुझा राग येतोय मला. सकाळी येत न्हाय." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माझं न ऐकणारा गडी तुझं ऐकत हुता. तसली अजून लई हाईत, आक्का. त्यास्नी कोण अडवणार?"

आक्कानं पदर तोंडाला लावला आणि ती मोठ्यानं रडली. धनाजी गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती, असं तिची सून मला नंतर म्हणाली.

पुढच्या रविवारी ती आली. एक स्वार पडला तशी धावत गेली, आधी गाडीकडेच. किल्ली काढली, पण हँडल सरळच ठेवलं. मग नाव विचारलं, वार विचारला आणि एक नवा प्रश्न विचारला.

"पाणी आलं तर?"

स्वार गांगरला. तीच म्हणाली, "गाडी सोडायची. म्हण."

"गाडी सोडायची, आक्का."

"आन् मी जे सांगिटलं आसंल ते?"

ती त्याच्या हेल्मेटवर टपली मारून म्हणाली, "तेबी सोडायचं."

तेव्हापासून पडणाऱ्या प्रत्येकाकडून ती हे वदवून घ्यायची. रणरणत्या उन्हात, धुळीनं भरलेल्या माळावर हा प्रश्न ऐकून नवखी पोरं हसायची. जुन्यांपैकी मात्र कुणी हसत नसे. नेम पाळायला तर ती आधीही शिकवत होती. तो कधी मोडायचा हे शिकवायला तिला फार मोठी किंमत मोजावी लागली आणि ती किंमत ती शेवटपर्यंत विसरली नाही.

दोनेक वर्षांनी आक्का आजारानं गेली. तिच्या घरी अंत्यविधीची बुद्धवंदना चालू होती. गर्दीमुळे मला आत जागा मिळाली नाही, म्हणून मी बाहेर रस्त्यावर उभा राहिलो. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोटरसायकली लागल्या होत्या. आबाही धनाजीची गाडी चालवत आले होते, त्या वयात, उचगावपासून. गाडी लावून ते रांगेवरून सावकाश चालत गेले आणि जाताजाता एकेका हँडलला हात लावत राहिले. त्यांच्या मागून मीही बघत गेलो.

सगळी हँडलं सरळ होती. एकाही गाडीला लॉक घातलेलं नव्हतं.