मंगळावरची भाषा

जुने, कोणी न पाहिलेले, अंतराळातले विनोदी सिनेमे मला फार आवडायचे. पत्र्याचं रॉकेट, डोक्यावर स्वयंपाकाचा उपडा गंज घातलेला शास्त्रज्ञ आणि उडत्या तबकडीला बांधलेली, स्पष्ट दिसणारी सुतळी. पैसा नाही, अक्कल बेताची, पण हौस दांडगी. असल्या सिनेमांवर माझा जीव जडला होता.

त्यामागे एक घरचं कारणही होतं. आमचे बाबा तरुणपणी अशाच एका हिंदी सिनेमात मंगळवासी झाले होते. कारंज्याकडच्या आमच्या गोंड वस्तीतून सिनेमावाल्यांनी ट्रक भरून माणसं नेली होती. का, तर हे आधीच परग्रहावरचे दिसतात, यांना रंग कमी लागेल! सिनेमाचं नाव बाबांना ठाऊक नव्हतं. "मले तं डायलॉग होता," एवढंच सांगायचे. गावात कोणाचाच विश्वास नाही. "आले मंगळावरचे," म्हणून लोक अजून चिडवतात. त्या लोकांची तोंडं मला एकदाची बंद करायची होती.

बरीच वर्षं शोधल्यावर तो सिनेमा इंटरनेटवर सापडला. मी सावंगीत एका दवाखान्यात नोकरीला आहे. तिथल्या सिनेमावेड्या दोस्तांना रविवारी दुपारी खोलीवर बोलावलं, पोहे केले, लॅपटॉप लावला. आणि बाबा दिसले! अंगाला चंदेरी रंग, डोक्यावर दोन स्प्रिंगा. मी ओरडणारच होतो, तेवढ्यात ते हात जोडून बोलू लागले. गोंडीत. पडद्यावर खाली अक्षरं आली, 'मंगळावरची भाषा'. हिरो धोतर सावरत पळाला आणि दोस्त हसून हसून लोळले.

"काय म्हणतोय रे हा?" एकाने विचारलं.

"पाणी मागतोय," मी म्हणालो. "सकाळपासून उन्हात उभं केलंय, पाणी द्या म्हणतोय."

ते आणखीच हसले. त्यांना वाटलं, मीही जोक मारला. ते माझे बाबा आहेत, हे सांगायची मग इच्छाच उरली नाही. मला त्या सगळ्यांचा संताप आला. असल्या सिनेमावाल्यांच्या हौसेला इतकी वर्षं भोळी समजलो, म्हणून स्वतःचाही.

पुढच्या सुट्टीत घरी गेलो आणि बाबांना तेवढा तुकडा मोबाइलवर दाखवला. स्वतःला पाहून ते लहान मुलासारखे खूश झाले. "पाह्य, म्या म्हनलं होतं ना, डायलॉग होता!"

"बाबा, मंग पानी देलं का त्यायनं?"

मोबाइल माझ्या हातात परत देत ते म्हणाले, "नाई. हासले सारे. अन् म्हने, 'फिर से बोल.'"