परभणीच्या बुफेत आक्का

सोनपेठच्या स्टँडवरून गंगाखेडची एस.टी. सुटली तेव्हा आक्काच्या मांडीवर एक गाठोडं होतं. आत भाकरी-ठेचा असणार असं मला वाटलं. भाकरी बांधून घेतल्याशिवाय ती कधी उंबरा ओलांडत नाही. पण आज आम्ही जेवायलाच निघालो होतो, म्हणून मला हसू आलं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आईवडील लवकर गेले. लोकांच्या रानात कापूस वेचून, खुरपणी करून तिनं मला शिकवलं. मी मास्तर झालो आणि यंदा हेडमास्तर. पेढे घेऊन गेलो तर म्हणाली, "पेढे तुझ्या सायबाला दे. सायेब लोक जिथं जेवत्यात तिथं ने मला."

परभणीत स्टेशनाजवळ नवं हॉटेल निघालंय आणि तिथं दर रविवारी बुफे असतो, असं मी ऐकलं होतं. हैदराबादी, मद्रासी, पंजाबी, चिनी, सगळे पदार्थ एका रांगेत मांडलेले. मी तिला शब्द दिला आणि मग नाना सबबी सांगत राहिलो. खरं कारण इथं लिहितो. आम्ही बौद्ध. दीक्षा घेऊन वीस वर्षं होत आली, तरी कुणी गाव विचारून पुढं आणखी काही विचारलं की माझी जीभ अडते. हॉटेलात आक्काला कुणी काही बोललं तर मी तिच्या बाजूनं उभा राहीन की ताटात मान घालीन, याची मला खात्री नव्हती. शेवटी तीच म्हणाली, "मास्तर, मी मेल्यावर नेणार हाय का?"

वाटेत आधी दोन्ही अंगाला ऊस, मग काळ्या रानात कमरेएवढा जोंधळा. गंगाखेडला आगगाडी धरली. गाडी गोदावरीच्या पुलावर आली तशी खिडकीतून हात बाहेर आले आणि पैसे पाण्यात पडू लागले. आक्का नुसती बघत होती. "मासे काय बाजाराला जायलेत का?" ती म्हणाली, आणि समोरचा टोपीवाला म्हातारा स्वतःचं नाणं मुठीत ठेवून खो खो हसला.

इंजिनाच्या कोळशाची कच माझ्या डोळ्यात गेली. पदराच्या टोकानं ती काढायला तिनं गाठोडं माझ्याकडे दिलं. जड लागलं. कापड सरकलं तर आत भाकरी नव्हती. जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, एक ताट होतं, चांगला बोटभर काठ असलेलं, आणि एक तांब्या.

"हे कशाला, आक्का?"

"कशाला म्हंजे? जेवायला बोलावलं की ताट आपलं आपुन न्यायचं. अन् काठ नसला तर वरनं टाकलेली आमटी अंगावर उडतीया. इसरलास काय?"

विसरलो नव्हतो. गावच्या लग्नात आम्हाला शेवटी वाढत. वाढणारा उभ्यानंच पळी उंच धरी, आमच्या ताटाचा विटाळ तिला लागू नये म्हणून. सपाट ताटात पडलेलं निम्मं मातीत जाई. म्हणून आमच्या घराघरांत अशी खोल ताटं होती.

"तिथं ताटं असतात," मी हळू म्हणालो.

"असत्यात. पर आपल्यासाठी असत्यात का, ते कुटं माहीत हाय?"

मी ताट गुंडाळून माझ्या कापडी पिशवीत तळाशी दडवलं. तेव्हा मला त्या ताटाची लाज वाटली, हे मान्य केलं पाहिजे.

परभणीला उतरलो. हॉटेल दुमजली, रंगाचा वास अजून ताजा. व्हरांड्यात बाकडं होतं. आक्का त्यावर बसली, मी शेजारी. लोक येत होते, आत जात होते: शेतकी विद्यापीठातले प्राध्यापक, कापसाचे व्यापारी, लेकराबाळांसह बाया. आम्ही बसूनच. बऱ्याच वेळानं मी उठून म्हणालो, "चल की आत."

"हू दे त्यांचं."

आणि मी पुन्हा टेकलो. तिचं सोडा, पण मी? हेडमास्तर माणूस, खिशात पैसे, आणि इतरांचं जेवण होण्याची वाट बघत बाहेर बसलेला. कुणीही मला बसवलं नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा कानशिलं तापली.

इतक्यात पांढऱ्या दाढीचा एक वाढपी दारात आला. "अम्मा, बाहर कायकू बैठे? खाना थंडा हो रा." मी उठलो. आक्काचा हात धरला आणि आत गेलो.

लांब टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर पितळेची झाकणाची भांडी. बगारा (हैदराबादकडचा फोडणीचा भात), मसाल्याची वांगी, छोले, सांबार, इडल्या, चिनी शेवया, आणि अगदी टोकाला पिवळं कस्टर्ड. टेबलाच्या तोंडाशी चिनी मातीच्या ताटांची चळत. आक्कानं एक ताट उचललं, काठावरून बोट फिरवलं.

"सपाट हाय," ती पुटपुटली. "वाढनारा कुटं हाय?"

"कुणी नाही. आपण घ्यायचं."

"आपल्या हातानं?"

"हो."

"समद्यांच्या भांड्यातनं?"

"हो, आक्का."

मी पुढे झालो, भात घेतला, वांगी घेतली. मागं वळून पाहिलं तर आक्का भाताच्या भांड्याशी उभीच. पळी तिच्यासमोर, हात पदराखाली. ती खोलीभर नजर फिरवत होती. कुणीतरी 'घे' म्हणायची वाट बघत असावी. रांग थांबली. एकजण खाकरला. मला वाटलं, आपणच तिला वाढावं आणि सुटावं. पण पाय हलला नाही, आणि आज वाटतं, बरं झालं.

तिच्या मागं काठापदराच्या लुगड्यातली एक बाई होती, कुणा व्यापाऱ्याची असावी. कडेवर पोरगी, दुसऱ्या हातात ताट. ती म्हणाली, "घ्या की आक्का, लोक खोळंबलेत. अन् घेतल्यावर मलाबी घाला पळीभर, माझे दोनी हात गुतलेत."

आक्कानं पळी उचलली. आधी स्वतःला घेतलं, मग त्या बाईच्या ताटाकडे वळली. आणि मी पाहिलं, तिनं पळी उंच धरली होती. चांगली हातभर वर. समोरच्याच्या ताटाला आपली पळी लागू नये म्हणून.

"अवो, इतक्या वरनं काय वाढता? लुगडं भरंल माझं. टेकवा की खाली."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मग पळी खाली, खाली आणली आणि ताटाच्या काठावर टेकवली. टक्क आवाज झाला. भात उतरला.

"कोनच्या गावच्या तुमी?" बाईनं विचारलं.

"सोनपेठच्या."

"सोनपेठात कुनापैकी?"

तो प्रश्न आलाच. मी घाईनं तोंड घातलं, "मी तिथं हेडमास्तर आहे." तेच माझं नेहमीचं उत्तर, न विचारलेल्या प्रश्नाचं.

"त्यो मास्तर हाय, ते खरं," आक्का म्हणाली. "पर आमी बौद्ध हाव, बाई. गावकुसाबाहेरच्या. आता सांगा, वाढलेलं चालतंय का दुसरं ताट घेता?"

ती हे बोलताना पळी तिच्या हातातच होती. आवाज चढला नव्हता, उतरलाही नव्हता. बाईनं ताटाकडं पाहिलं. मग आजूबाजूला. तेवढ्यात कडेवरच्या पोरीनं वाकून भातात हात घातला आणि मूठ तोंडात कोंबली.

बाईला हसू फुटलं. "हिनं तर निकालच लावला. माझ्या सासूला तेवढं कळू देऊ नका."

"फुडच्या ऐतवारी घिऊन या त्यांना," आक्का म्हणाली. "त्यांनाबी वाढते."

रांग पुढं सरकली, आणि आक्का जिंकलेल्या पैलवानासारखी एकेका भांड्याशी थांबत चालली. झाकण स्वतः उघडायची, वास घ्यायची, पळी बुडवून ढवळायची, मग वाढून घ्यायची. सांबारात तिला शेवग्याची शेंग सापडली तेव्हा तिनं ती मागच्या बाईलाही दाखवली.

टेबलाशी बसल्यावर मी चमचा घेतला. ती हातानं कालवून जेवू लागली. दोन घासांनंतर मीही चमचा ठेवला.

दाढीवाला वाढपी पाणी घेऊन आला. "अम्मा, खाना कैसा है?"

"बैंगन एक नंबर. पर ये शेवया फीकी है. तुमारे घरमें मिरच्या संपल्या काय?"

त्यानं हसत हिरव्या मिरच्या आणून दिल्या. त्या मोडून शेवयांत घातल्यावर तिनं चिनी लोकांना माफ केलं.

"परत घेता येतंय?" तिनं विचारलं.

"पोट भरेपर्यंत."

ती उठली. मी सोबत जायला निघालो तर म्हणाली, "बस तू. मला वाट माहीत झाली." खुर्चीवरून मी पाहत राहिलो. नऊवारीचा काष्टा, टाचांना भेगा, आणि चालणं असं की हॉटेल तिनंच बांधलंय. कस्टर्ड घेऊन आली, पुन्हा गेली, वांगी घेऊन आली. जेवून झाल्यावर ताटाकडं बघत म्हणाली, "जल्मात पैल्यांदा कुनाच्या हाताकडं न बघता जेवले, बाबू."

बाहेर पडताना मी पिशवीतलं ताट काढून तिच्या हातात दिलं. दडवल्याचं सांगितलं. "माहीत हाय," ती म्हणाली. "मी बघितलंया."

परतीच्या गाडीत ती डोळे मिटून होती. पूल आला तशी मी विचारलं, "ताट टाकतेस का गोदावरीत?"

तिनं एक डोळा उघडला. "येडा हायस का? चांगलं जर्मनचं हाय."

मी आठवत राहिलो. माझ्या घरी कुणी सवर्ण शिक्षक जेवायला आला की मीही पळी वर धरतो. बायको कधीतरी म्हणालीही होती, आमटी सांडते म्हणून. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप वर जाई. आता तो खाली आणायचा आहे आणि 'कुणापैकी' विचारल्यावर हेडमास्तर आहे असं सांगायचं नाही, एवढं मी त्या पुलावर ठरवलं. आक्काला जे एका पळीत जमलं, त्याला मला वेळ लागेल.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना तिच्या अंगणात डोकावलो. ती चुलीशी होती. दाराशी ते ताट मांडलेलं, काठोकाठ पाणी भरलेलं, आणि भोवती तिच्या कोंबड्या. चोच बुडवून, मान वर करून पीत होत्या. काठ खोल होता, एक थेंब सांडत नव्हता.