सोळा रंगांचं कार्ड

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सीताबर्डीवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी प्रिंटरची रिबन घ्यायला गेलो होतो. धोतरातला एक म्हातारा लेकीच्या टायपिंगच्या दुकानासाठी कॉम्प्युटर बघत होता. लेक समोर खुर्चीत बसली होती. तिची नजर अधू झाली होती. स्वतःच टाइप केलेलं तिला वाचता येत नव्हतं.

दुकानदारानं दोन कॉम्प्युटर सुरू केले आणि माहितीपत्रक वाचू लागला. "याच्यातलं कार्ड पडद्यावर सोळा रंग दाखवते. त्याच्यातलं एकच, पण त्याचे ठिपके बारीक, अक्षर कोरीव."

"कागदावरचं राहू द्या जी. तिले दिसते का, ते पाहू."

पहिल्या पडद्यावरचा इंग्रजी मजकूर वाचताना ती अडखळली. दुसऱ्यावर तोच मजकूर तिनं घडाघडा वाचला. दुकानदार खूश झाला. म्हातारा मात्र तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा.

"मजकूर बदला जी. मले वाईट वाटू नये म्हणून पोरगी पाठचंच बोलून राहिली."

मुलीनं मान खाली घातली. मला घाई होती, पण पाय हलेना.

नवा मजकूर उमटला. म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. तो पडद्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता. तिनं थांबत थांबत, पण सगळं बरोबर वाचलं. मी मान डोलावली.

खुर्चीवरची त्याची बोटं सुटेनात.

"आणखी एक डाव बदला जी," तो म्हणाला.