काळजीची वेळ : चार ते साडेचार

पासष्ट साली पाकिस्तानशी लढाई सुरू झाली तेव्हा माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. पनवेलच्या घरात आम्ही तिघंच, सासूबाई, हे आणि मी. हे तहसील कचेरीत कारकून होते. माझा धाकटा भाऊ सैन्यात ट्रक दुरुस्त करायचा. त्याच्या पत्त्यात गावाचं नाव नसायचं, नुसते आकडे असायचे. दर पंधरवड्याला न चुकता येणारं त्याचं कार्ड त्या महिन्यात आलं नाही, आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं.

नुसतं धडधडलं असतं तर मी कुणाला सांगितलंही नसतं. पण त्याबरोबर मला सगळ्याच गोष्टींची शंका यायला लागली. भाजी आणायला निघाले की निम्म्या वाटेत वाटायचं, स्टोव्ह विझवला का? परत यायची. विझवलेला असायचा. पुन्हा निघायची, तळ्यापर्यंत पोचायची, की मनात यायचं, वाकून बघताना आपलाच धक्का लागून पेटला असेल तर? आमचा स्टोव्ह धक्का लागून पेटणाऱ्यातला असता तर रोज सकाळी मला पिन मारत बसावं लागलं नसतं, हे मला कळत होतं. तरी मी परत यायचीच. बाजारातला भाजीवाला मला विचारायला लागला, "वहिनी, आज येताय की जाताय?"

मग आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं. यांनी दोन दिवस मुकाट्याने खाल्लं. तिसऱ्या दिवशी तीनदा पडलं, तेव्हा हे संध्याकाळी कचेरीतून आले ते मला घेऊन थेट डॉक्टरांकडेच गेले.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी कानाला नळ्या लावून माझी छाती बराच वेळ तपासली.

"हृदय उत्तम आहे," ते म्हणाले. "गाडीला जुंपलं तर घाट चढून येईल."

"मग धडधडतं का?"

"काळजी किती वेळ करता?"

मी विचार करून सांगितलं, "उठल्यापासून."

"मध्ये सुट्टी?"

"नाही."

"तिथंच चुकतंय. यांची कचेरीसुद्धा वेळ झाली की बंद होते." त्यांनी खरोखरच कागद पुढे ओढून लिहिलं. रोज दुपारी चार ते साडेचार काळजी करणे. एका जागी बसून, दुसरं काम न करता. त्या वेळेबाहेर काळजी आली तर तिला चार वाजता यायला सांगणे. रेडिओच्या बातम्या दिवसातून एकदा. जेवण वेळेवर. संध्याकाळी तळ्याभोवती एक फेरी.

"औषध?" यांनी विचारलं.

"हेच."

डॉक्टरांनी हे चेष्टेत लिहून दिलं की मनापासून, ते मला तेव्हा कळलं नाही. सासूबाईंना मात्र चेष्टा वगैरे काही ठाऊक नव्हतं. डॉक्टरांच्या कागदावर आहे म्हणजे ते औषध, आणि औषध चुकवायचं नसतं. दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं असताना त्यांनी माझ्या हातातलं तांदळाचं सूप काढून घेतलं, माजघरात पाट मांडला आणि म्हणाल्या, "बस. कर."

मी बसले. पण कशाची काळजी करायची ते आठवेना. सकाळपासून डोक्यात नुसती गर्दी होती, आणि आता पाटावर बसल्यावर एकही पुढे येईना. दार किलकिलं झालं.

"होतेय का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो."

"घाई करू नकोस. आपोआप होईल." त्या गेल्या. पाच मिनिटांनी पुन्हा दार वाजलं. "गरम पाणी देऊ का?"

मला हसू आलं. त्या महिन्यातलं पहिलंच. पण ते मी लपवलं, कारण काळजीच्या वेळेत हसलेलं चालतं की नाही, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं.

त्यावर सासूबाईंनीच तोड काढली. यांची शाळेतली पाटी माळ्यावर होती, ती पुसून त्यांनी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली. दिवसभरात काळजी आली की पाटीवर लिहायची, आणि चार वाजता पाटी घेऊन बसायचं. स्वतः सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पाटी भरतेय की नाही यावर त्यांची बारीक नजर असे. "आज दोनच ओळी? जेवली नाहीस का नीट?"

पाटीवर पहिली ओळ नेहमी भावाचीच असे. त्याखाली रॉकेल. त्याखाली स्टोव्ह. मग उजव्या कानातला आवाज, शेजारच्या मांजराची नजर, दिवेबंदीसाठी खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद पुढे निघतील का, असं काहीबाही. गंमत म्हणजे लिहिलं की त्यातलं बरंचसं दुपारपर्यंत शिळं होऊन जायचं. चार वाजता मांजराची ओळ वाचली की माझी मलाच लाज वाटायची. पहिली ओळ मात्र शिळी होत नव्हती.

आमच्याकडे मासे घेऊन एक कोळीण यायची. उंच, खणखणीत आवाजाची. ती एरवी सकाळी यायची, पण एके दिवशी भरतीमुळे उशीर झाला आणि ती नेमकी चारच्या सुमाराला आली. सासूबाई ओट्यावर तोंडावर बोट ठेवून बसल्या होत्या.

"हळू बोल. सूनबाई काळजीला बसल्येय."

"कशाला बसलीय?"

"काळजीला. डॉक्टरांनी सांगितलंय."

कोळणीने माशांची टोपली डोक्यावरून उतरवली आणि तशीच आत आली. मला नीट बघून घेतलं. "आमी तं काळजी चालता चालता करतो गो बाय. बसून करायची आसते, ह्ये मला कोनी सांगलाच नाय." असं म्हणून ती माझ्यासमोर फतकल मारून बसली. "किती येळ हाय?"

"साडेचारपर्यंत."

"मंग माजीबी घे." आणि तिने सुरुवात केली. होडीला भोक पडलंय. दादला बुजवतो म्हणतो आणि बुजवत नाही. थोरली पोर बोलत नाही, नुसती बघते. कांदा महाग झालाय. तिच्या काळज्या होडीएवढ्या मोठ्या होत्या आणि ती त्या कोलंबी निवडावी तशा पटापट बाजूला टाकत होती. साडेचार झाले तसे सासूबाईंनी दारातून सांगितलं, "झाली वेळ." ती तिथल्या तिथे थांबली, पदर झटकून उठली. "बरा वाटला. उद्या याच टायमाला येते." आणि बोंबील अगदी स्वस्तात देऊन गेली.

त्यानंतर ती रोज यायची. चारला घरात बोंबलाचा वास आला की यांच्या मातोश्री नाक मुरडायच्या, पण तिच्यासाठी दुसरा पाट मांडायला चुकायच्या नाहीत.

याच दिवसांत उरणहून कार्ड आलं. सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे यांचे मामा, येणार होते. मामा मागच्या खेपेला दोन दिवसांसाठी आले आणि सव्वा महिना राहिले होते. चहात साखर तीन चमचे, आंघोळीला दोन बादल्या, आणि सकाळी घसा साफ करायचे तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातली मुलं घाबरून उठायची. मी सरळ पाटीवर लिहिलं.

मामा आले, हातपाय धुवून स्वयंपाकघराच्या दारात चहा घेत उभे राहिले, आणि खिशातून चष्मा काढून त्यांनी पाटी वाचली. मोठ्याने.

"भावाचं पत्र. रॉकेल. स्टोव्ह. उरणचे मामा या वेळी किती दिवस राहणार देव जाणे."

माझी तव्यावरची पोळी तशीच करपली. सासूबाईंनी विचारलं, "काय लिहिलंय?" मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि ती ओळ पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

मी रडकुंडीला येऊन त्यांना डॉक्टरांचा सगळा कागद समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "चार वाजता मीही बसू का?"

तिसरा पाट नव्हता, म्हणून मामा पोत्यावर बसले. कोळणीने त्यांना थोडं सरकायला लावलं. तिची होडी झाली, माझा भाऊ झाला, आणि मग मामांनी घसा साफ केला. आम्ही दोघी दचकलो.

"माझी एकच आहे," ते म्हणाले. "मी कुणाकडेही गेलो की तिसऱ्या दिवशी लोक जाण्याची चौकशी करतात. घरी मुलगा-सून दोघं कामाला जातात, दिवसभर भिंती. म्हणून मी फिरतो. आणि जिथं जातो तिथं मनात हेच, की यांना आता नकोसा झालो असेन. त्या धसक्याने चहात साखर जास्त घेतो."

"साकर कशाला?" कोळणीने विचारलं.

"पुढच्या वेळी मिळेल न मिळेल."

कोळीण इतकी हसली की तिला ठसका लागला. मामा आधी ओशाळले, मग तेही हसले, आणि मी तर पाटावरून खाली घसरले. सासूबाई दारातून ओरडल्या, "अगं, औषध आहे ते! हसताय काय?" मामा म्हणाले, "ताई, तूही बस. तुला काहीच काळजी नाही?"

"मला कसली मेली काळजी," असं म्हणत सासूबाई बसल्या. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी मेल्यावर तू लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालशील."

"नाही घालणार हो."

"घालशील. मला स्वप्नात दिसतं." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी त्यांच्या पायाला हात लावून कोरड्या चमच्याची शपथ घेतली. मामा साक्षीदार राहिले.

पाटीवरची मामांची ओळ मी पुसायला गेले तर त्यांनी पुसू दिली नाही. "देव जाणे" खोडून त्यांनी स्वतः खडूने लिहिलं, "आठ दिवस". मग मलाच वाईट वाटलं आणि मी त्याचे पंधरा केले.

पण एके दुपारी हे सगळं काही उपयोगाचं राहिलं नाही. मामांनी बातम्या लावल्या होत्या आणि भाऊ जिथं असावा असं आम्हाला वाटत होतं त्या बाजूचं नाव रेडिओवर आलं. चारला मी पाटावर बसले ती नुसतीच बसले. सासूबाई पाणी घेऊन आल्या, मामा म्हणाले, "धीर धर, धीर धर." कोळीण त्यांच्यावर खेकसली. "कशाला धीर? रडायचा हाय तिला. रड गो बाय. आमी हाव इकडं."

मी रडले. घरात कुणी गेल्यावर रडावं तशी, मोठ्याने. कोळणीने माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. तिच्या लुगड्याला माशांचा वास येत होता आणि तो मला त्या दिवशी फार बरा वाटला. घड्याळात साडेचार वाजून गेले, पावणेपाच झाले. सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्या त्याच्याकडे पाठ करून बसल्या. त्या संध्याकाळी माझी छाती धडधडत नव्हती. नुसती दुखत होती, पण ते दुखणं मला समजत होतं.

लढाई थांबल्याची बातमी आली आणि त्यानंतर आठवड्याने पोस्टमनने भावाचं पत्र आणलं. सकाळचे अकरा वाजले होते. सासूबाई म्हणाल्या, "चार वाजेपर्यंत थांबायचं का?" "ताई!" म्हणून मामा असे ओरडले की पोस्टमनसुद्धा दोन पावलं मागे सरला. मामांनीच पाकीट फोडून वाचलं.

लढाईबद्दल एक अक्षर नव्हतं. पत्रं पाठवली होती, पोचली का, असं होतं. बाकी दोन पानं जेवणाबद्दल. इकडे भात देतात पण त्याला भात म्हणवत नाही. आमटीत नारळ नाही. लसणाची चटणी पाठवता आली तर बघ, जास्त पाठव, इथल्या मित्रांना सांगून ठेवलंय. शेवटी लिहिलं होतं, माझी अजिबात काळजी करू नकोस.

सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, "त्याला कळव, अर्धा तास तरी करावीच लागते."

मामा पंधरा दिवस राहून गेले. आठवडाभर घर इतकं रिकामं वाटलं की मीच कार्ड टाकून त्यांना परत बोलावलं. कोळणीच्या नवऱ्याने होडीचं भोक बुजवलं, पण ती येतच राहिली. दुसरी काळजी निघाली होती म्हणे. स्टोव्ह बघायला मी अजूनही परत यायची, पण एकदाच.

थंडीत भाऊ रजेवर आला. वाळलेला, काळवंडलेला. आल्या आल्या दोन ताटल्या पोहे खाल्ले, आम्ही काही विचारायच्या आत माजघरात पाटांच्या मधोमध आडवा झाला आणि झोपला. चार वाजले. कोळीण आली, मामा आले, सासूबाई आल्या. त्याला कुठे सरकवायचं, म्हणून आम्ही त्याच्या चहूबाजूंनी भिंतीला टेकून बसलो. त्याला झोपेत मध्येच दचकल्यासारखं व्हायचं, की सासूबाई त्याच्या पायावर हात ठेवायच्या आणि तो पुन्हा शांत व्हायचा. मामांना घसा साफ करायचा होता, तर ते त्यासाठी उठून पार तळ्यापर्यंत जाऊन आले.