तो गेला त्या महिन्याचा समुद्र

माझा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे आणि मी पुण्यात बसून समुद्र तपासते. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी एकदा विचारलं होतं, "पुण्यात कुठला आलाय समुद्र?" मी म्हटलं, "म्हणूनच तो आम्हाला गणितानं तयार करावा लागतो."

ते खोटं नव्हतं. जहाजं, उपग्रह आणि पाण्यात सोडलेली तरंगती यंत्रं जिथे जिथे पाण्याचं तापमान मोजतात तिथली मापं घ्यायची, मधल्या मोकळ्या जागा गणितानं भरायच्या आणि मागच्या कित्येक वर्षांचा समुद्र महिन्यामहिन्याने पुन्हा उभा करायचा. तो कितपत खरा, हे पाहणं माझं काम. काही यंत्रांची मापं मी संगणकाला मुद्दाम दाखवत नाही. त्याचं उत्तर आलं की ताडून बघते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासूबाई विश्रांतवाडीहून वारज्याला आमच्याकडे राहायला आल्या. मी घरून काम करत असले की त्या समोर मटार सोलत बसायच्या. नवी नजर आली होती, सगळं बघायचं होतं, माझ्या स्क्रीनवरचे नकाशेसुद्धा.

"हे लाल काय गं?"

"गरम पाणी, आई."

"त्याला उकडत असेल."

तेव्हा नवरा बंगालच्या उपसागरात होता. मग अचानक त्याचे मेसेज थांबले. कंपनीत फोन केला तर म्हणाले, जहाजावरचं इंटरनेट बंद पडलंय, बाकी सगळं ठीक आहे. आम्ही दोघींनी ते एकमेकींना पुनःपुन्हा सांगितलं. पण सासूबाईंचं जेवण कमी झालं, आणि माझा हात सारखा फोनकडे जायला लागला.

एका दुपारी त्या म्हणाल्या, "तुझ्या नकाशात बघ ना, कुठे आहे तो."

"आई, हा आजचा नाही. जुना समुद्र आहे हा."

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाल्या, "तो पहिल्यांदा गेला ना, तेव्हाचा काढ."

त्याला पंचवीसेक वर्षं झाली. तेव्हा तो माझ्या आयुष्यात नव्हता. भर जुलैत त्याला मुंबईला सोडून त्या एकट्या एसटीने परतल्या होत्या. घरी आल्या तर त्याचा टॉवेल दोरीवर तसाच होता. "वाळला तरी काढवेना," त्या म्हणाल्या.

मी तो महिना उघडला. त्यांनी अरबी समुद्रावरून बोट पलीकडे नेलं. "आफ्रिकेकडे चालला होता. इथे निळं का आहे?"

"पावसाळ्यात तिथे खालचं गार पाणी वर येतं."

"स्वेटर दिला नव्हता मी त्याला."

मीही बघत राहिले. त्या निळ्यात कुठेतरी एकोणीस वर्षांचा, मी कधी न पाहिलेला तो होता. इतकी वर्षं हे नकाशे बघतेय, पण त्यांत माणूस शोधावा असं कधी वाटलं नव्हतं.

"हे खरं आहे का?" त्यांनी विचारलं.

ऑफिसात या प्रश्नाला आलेख दाखवता येतात. मी त्या कोपऱ्यातली मापं उघडून पाहिली. जवळजवळ काहीच नव्हती. पावसाळी ढगांमुळे उपग्रहाला पाणी दिसत नव्हतं, आणि तरंगती यंत्रं तिथे पोहोचायची होती. रंग मात्र बाकीच्या समुद्रासारखाच सलग भरलेला.

"इथे तेव्हा कुणी मोजलंच नव्हतं, आई. आजूबाजूचं बघून काढलंय."

"म्हणजे अंदाज."

"हो. बऱ्यापैकी अंदाज."

"त्याचे फोनही तसेच. बंदरावरून करायचा. बरा आहे, जेवलो, ठेवतो. मधलं सगळं मीच भरायचे." आणि त्यांनी सालं गोळा केली.

दोन-तीन दिवसांनी त्याचा व्हिडिओ कॉल आला. दाढी वाढलेली, चेहरा ओढलेला. सासूबाईंनी फोन हातात घेतला आणि नेहमीसारखं जेवणाचं न विचारता म्हणाल्या, "पहिल्या खेपेला कसा होतास रे तू? खरं सांग."

तो हसला. मग हसू ओसरलं. "मुंबई सुटल्यापासून उलट्या. अन्न पोटात राहत नव्हतं. परत सोडा म्हणून कॅप्टनकडे गेलो होतो, आई."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रडली असतीस."

"रडलेच की मी."

त्या महिन्यात ऑफिसला दिलेल्या अहवालात, जिथे मोजमापं नव्हती त्या भागांवर मी बारीक ठिपके दिले. साहेब म्हणाले, "नकाशा विद्रूप दिसतोय." मी म्हटलं, "दिसू दे, सर." त्यांनी हुं केलं आणि सही केली.

सासूबाई परत गेल्या. नवऱ्याचा करार पुढे वाढला. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा निघाला तेव्हा त्याला कसं वाटलं होतं, हे मला विचारायचं आहे. पण फोन येतो, गॅसचा नंबर लावलास का, गाडीचं सर्व्हिसिंग झालं का, एवढं होतं, आणि रेंज जाते.